पिकासा बंद झाले, नावे कुठे गेली?

१२ फेब्रुवारी २०१६ रोजी गुगलने पिकासा बंद करत असल्याचे जाहीर केले. १५ मार्चनंतर संगणकावरच्या पिकासाला कोणतीही सुधारणा मिळणार नव्हती. १ मेपासून पिकासाचे इंटरनेटवरचे अल्बमही आवरते घेतले जाणार होते. ज्यांच्या संगणकात पिकासा आधीपासून होते त्यांचे काम लगेच थांबले नाही. त्यामुळे या बातमीने फारसा गाजावाजा झाला नाही. पण ज्या घरांनी आपल्या जुन्या फोटोंचा सगळा पसारा पिकासात मांडला होता, त्यांच्यासाठी ती एका वहीवाल्याने दुकान बंद केल्याची बातमी होती. दुकान गेले तर गेले, प्रश्न वहीचा असतो.

पिकासा २००४मध्ये गुगलने विकत घेतले आणि फुकट वाटायला सुरुवात केली. त्यानंतरच्या दहा वर्षांत मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत संगणक, स्कॅनर आणि डिजिटल कॅमेरा एकापाठोपाठ एक आले. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा इथल्या झेरॉक्सच्या दुकानांत, शाळेच्या ऑफिसात आणि शिकलेल्या पोरांच्या घरी पिकासा दिसू लागले. फोटोशॉप शिकावे लागते, पिकासा शिकावे लागत नसे. अंधारलेला फोटो एका बटणाने उजळायचा, लाल झालेले डोळे नीट व्हायचे, वाकडा फोटो सरळ व्हायचा. लग्नाच्या वीस फोटोंचा कोलाज दोन मिनिटांत तयार व्हायचा.

२००९मध्ये पिकासाने चेहरे ओळखायला सुरुवात केली. एका फोटोतल्या म्हाताऱ्याला तुम्ही 'दादा' असे नाव दिले, की संगणक इतर फोटोंतून त्याच माणसाचे चेहरे शोधून विचारायचा, हेही तेच का? अनेक घरांत याच निमित्ताने पहिल्यांदा कुणीतरी अम्मीजवळ, खालाजवळ बसून विचारले, की हा मागे उभा असलेला मुलगा कोण? नावे लिहिली गेली. घराण्याची एक यादी तयार झाली. आणि मग पिकासा बंद झाले.

हा लेख त्या नावांविषयी आहे. फोटो दुरुस्त करायला दुसरे साधन मिळते. एकदा हरवलेले नाव मात्र दुसऱ्या साधनात सापडत नाही.

काचेवर कोरलेले नाव

आजचा धाराशिव जिल्हा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाच्या छायाचित्रणाचा इतिहास सांगताना पहिले नाव येते ते लाला दीनदयाल यांचे. १८४४मध्ये मेरठजवळच्या सरधन्यात जन्मलेले, रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकलेले, इंदूरमध्ये नोकरी करताना कॅमेऱ्याच्या नादाला लागलेले दीनदयाल पुढे सहावे निझाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निझामाने त्यांना 'राजा बहादूर मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. १८९२मध्ये त्यांनी हैदराबादेत खास पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ सुरू केला आणि तो चालवायला एका इंग्रज बाईला नेमले. फोटो काढावा की काढू नये यावर उलेमांमध्ये खल चालू असतानाचा हा काळ आहे, हे लक्षात ठेवले तर या स्टुडिओचे महत्त्व कळते.

दीनदयाल १९०५मध्ये वारले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हपैकी २,८५७ निगेटिव्ह १९८९मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. ज्या काचांवर ते काम करत, त्या काचा बनवणारे कारखाने गेले. ती रसायने, ते अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेले कागद सगळे गेले. तरी त्यांचे फोटो आज ओळखता येतात. याचे एक साधे कारण आहे. त्यांच्या अनेक निगेटिव्हवर खालच्या कडेला क्रमांक, जागेचे किंवा व्यक्तीचे नाव आणि स्टुडिओचे नाव लिहिलेले असे. काचेवर लिहिलेले नाव प्रत्येक छापील प्रतीत आपोआप उमटायचे. फोटो जिथे जाईल तिथे नाव सोबत जायचे.

आपल्या जिल्ह्यातल्या इमारतींचेही असेच झाले. जेम्स बर्जेस यांच्या १८७८च्या अहवालात धाराशिवच्या लेण्यांचे वर्णन आणि नकाशे आहेत. तेरच्या जुन्या वास्तूंवर हेन्री कझन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३च्या अहवालात लिहिले. नळदुर्गच्या पाणी महालावर तर आदिलशाही काळातला शिलालेखच आहे. दगडाला नाव मिळाले, कारण सरकारी अहवालात चित्राखाली ओळ लिहिण्याची शिस्त होती. त्या काळच्या पुरातत्त्वीय फोटोंत इमारतीची उंची कळावी म्हणून एखाद्या माणसाला भिंतीपाशी उभे करत. त्या माणसाचे नाव मात्र कुणी लिहिले नाही. इमारत ओळखली जाते, माणूस फक्त मोजपट्टी म्हणून उरतो.

पाठीमागची उर्दू

सामान्य घरात फोटो उशिरा आला आणि कमी आला. मुस्लीम घरांत तर अनेकदा दादाचा एकमेव फोटो म्हणजे हजच्या अर्जासाठी काढलेला. नानीचा तोही नाही. कुठे शाळेतल्या वर्गाचा गटफोटो, कुठे पोलिसात किंवा महसूल खात्यात नोकरीला लागल्यावर गणवेशात काढलेला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला असा फोटो उलटा केला की मागे बऱ्याचदा दोन ओळी असतात. नाव, गाव, हिजरी किंवा फसली साल.

या ओळी उर्दूत असतात. हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चालायचा. तहसील, पोलीस, कोर्ट, शाळा सगळीकडे उर्दू. १९१८मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवत. घरात दखनी बोलणारा, बाजारात मराठी बोलणारा माणूस लिहायचा मात्र उर्दूत. आणि असे लिहिणारे फक्त मुस्लीम नव्हते. त्या काळच्या मराठवाड्यातले हिंदू वकील, देशमुख, पटवारी, मास्तर हेही उर्दूत लिहीत. १९४८नंतर हे सगळे बदलले. १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्र झाला. आमच्या पिढीतल्या अनेकांचे शिक्षण मराठीतून झाले. मराठी आमचीच भाषा आहे, तिच्यात लिहितो, तिच्यात विचार करतो. पण दादाच्या फोटोमागची ओळ वाचता येत नाही, हेही खरे आहे. मोडीतल्या कागदांबाबत हेच दुःख मराठी हिंदू घरांचेही आहे.

संगणकाच्या भाषेत याला काय म्हणायचे? फाईल आहे, उघडत नाही. लिपी हीसुद्धा एक साधन असते. ती शिकवणे बंद झाले की तिच्यात ठेवलेली माहिती कपाटात सुरक्षित असूनही हरवलेली असते. पिकासा बंद पडल्यावर जे झाले ते आपल्या भागात त्याआधी साठ-सत्तर वर्षांपूर्वी कागदावर होऊन गेले होते.

आकडे आहेत, चेहरे नाहीत

नावांचा हा हट्ट कशासाठी, असे कुणी विचारेल. उस्मानाबाद जिल्ह्याच्या इतिहासात त्याचे उत्तर आहे.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि पाच दिवसांत निझामाची सत्ता संपली. त्याआधीच्या काळात रझाकारांनी गावोगावच्या हिंदूंवर, काँग्रेस कार्यकर्त्यांवर अत्याचार केले होते. ते नाकारण्याचे कारण नाही. पोलीस अ‍ॅक्शननंतर सूडाची लाट आली आणि ती रझाकारांपाशी थांबली नाही, सामान्य मुस्लीम कुटुंबांवर कोसळली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना नेहरूंनी पाहणीसाठी पाठवले. त्यांनी संस्थानाच्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत दौरा केला. २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा अंदाज त्यांनी मांडला आणि सर्वाधिक झळ पोहोचलेले चार जिल्हे सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. हा अहवाल अनेक दशके सामान्य वाचकांपुढे आला नाही.

आता या अंदाजातला फरक पाहा. २७ हजार आणि ४० हजार यांच्यामध्ये १३ हजार माणसे आहेत. ती होती की नव्हती, हे इतिहासाला नक्की सांगता येत नाही. अशा वेळी एखाद्या घरातल्या ट्रंकेत असलेला, मागे नाव आणि गाव लिहिलेला एक फोटो हा साधा घरगुती ठेवा राहत नाही. तो एका माणसाच्या असण्याचा पुरावा होतो. तोच फोटो बिननावाचा असेल, तर तो टोपी घातलेल्या कुणा एका तरुणाचा फोटो उरतो. हैदराबादचा की सोलापूरचा, १९३५चा की १९५५चा, काहीच सांगता येत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात असे फोटो चौकटीसकट विकले जातात. घेणाऱ्याला बहुधा चौकट हवी असते.

टचिंग करणारे हात

आता पुन्हा साधनाकडे येऊ. फोटो दुरुस्त करण्याची कला फोटोइतकीच जुनी आहे. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात टचिंग केलेली निगेटिव्ह आणि तिच्या टचिंगआधीच्या व नंतरच्या प्रती मांडल्या, तेव्हा लोक चकित झाले होते. आपल्याकडच्या स्टुडिओत टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर काम करणारा माणूस असायचा. देवीचे व्रण पुसणे, डोळ्याखालची काळजी कमी करणे, छापील फोटोवर ब्रशने गालांना गुलाबी आणि साडीला हिरवा रंग देणे ही त्याची कामे. रंगीत फिल्म आली आणि ब्रशवाला घरी बसला. संगणक आला आणि पेन्सिलवाला घरी बसला.

२००२मध्ये फोटोशॉपची सातवी आवृत्ती आली. तिच्यात हीलिंग ब्रश नावाचे हत्यार पहिल्यांदा मिळाले. फाटलेल्या, डाग पडलेल्या, वाळवी लागलेल्या जुन्या फोटोवर ते फिरवले की आजूबाजूच्या कातडीचा पोत घेऊन डाग भरून यायचा. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्यांना या आवृत्तीने वेड लावले. मयत माणसाचा रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून हारासाठी द्यायचा, दोन वेगळ्या फोटोंतले नवरा-बायको एका चौकटीत आणायचे, ही कामे ते सफाईने करू लागले. जुन्या संगणकावरही ती चालायची. बहुतेक ठिकाणी ती परवान्याची नव्हती, हेही उघड गुपित आहे.

मग कंपनीने दिशा बदलली. २०१३च्या सुरुवातीपर्यंत अडोबीने सीएस-२ या जुन्या आवृत्तीला परवानगी देणारे आपले सर्व्हर बंद केले होते. त्याच वर्षी मे महिन्यात जाहीर केले, की यापुढे फोटोशॉप विकत मिळणार नाही, महिन्याच्या भाड्याने मिळेल. योगायोग असा, की १९९०च्या पहिल्या फोटोशॉपचा मूळ कोड त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या संगणक इतिहास संग्रहालयाने लोकांना पाहायला खुला केला. जुने साधन संग्रहालयात गेले, नवे भाड्यावर गेले. जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या स्टुडिओला यांपैकी एकही परवडणारे नव्हते. काहींनी जुना संगणकच जपून ठेवला. त्याला इंटरनेट जोडायचे नाही, विंडोज बदलायची नाही, फक्त सांभाळायचा. काही जिम्पसारख्या फुकट आणि खुल्या साधनाकडे वळले. काहींनी मोबाइलवर जे मिळेल ते घेतले.

साधन बदलताना जुन्या फायली उघडून पाहिल्या तेव्हा दुसरीच अडचण समोर आली. फोटोखाली मराठीत लिहिलेली नावे त्या काळच्या फाँटमध्ये होती. तो फाँट नव्या संगणकात नाही. 'कै. अमुक, मु. पो. तमुक' याच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. युनिकोडपूर्वीचा सगळा मराठी मजकूर या संकटातून गेला आहे. उर्दू मजकुराची गत वेगळी होती. तो इनपेजमध्ये टाईप करून चित्र म्हणून फोटोशॉपमध्ये चिकटवायचे. त्यामुळे तो बदलता आला नाही, पण दिसत राहिला. गैरसोयीच्या पद्धतीने नाव वाचवले, सोयीच्या पद्धतीने घालवले!

पिकासाची अदब आणि पिकासाची चूक

पिकासाचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. ते मूळ फोटोला हात लावत नसे. तुम्ही केलेले बदल ते एका छोट्या वेगळ्या फाईलमध्ये टिपून ठेवायचे. तुम्ही बदल सेव्ह केलेत, तरी मूळ फोटो एका लपलेल्या फोल्डरमध्ये सरकवून जपायचे. इतिहासाच्या दृष्टीने ही मोठी अदब आहे. याच्या उलट टोकाचे उदाहरण स्तालिनच्या काळातले. गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव मॉस्कोच्या कालव्याकाठी स्तालिनच्या शेजारी चालताना एका फोटोत दिसतो. १९४०मध्ये त्याला गोळी घातली गेली आणि पुढच्या छपाईत त्याच्या जागी पाणी आले. तिथे दुरुस्ती म्हणजे माणूस खोडणे होते. मूळ प्रत उरली म्हणून आज जगाला ते कळते.

पण हीच वेगळ्या फाईलची पद्धत पिकासाने नावांनाही लावली. चेहऱ्याची चौकट फोल्डरमधल्या त्या छोट्या फाईलमध्ये, आणि माणसांची यादी संगणकाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात. फोटो पेन ड्राइव्हवर घेतले, संगणक फॉरमॅट केला, की यादी गेली. शेवटच्या आवृत्त्यांत नाव फोटोतच लिहून ठेवण्याची सोय होती. ज्यांनी ती वापरली त्यांची नावे वाचली. ज्यांना ती माहीतच नव्हती, त्यांचे फोटो नव्या संगणकावर उघडतात ते फक्त चेहरे म्हणून.

गंमत म्हणजे त्याच पिकासात फोटोखाली ओळ लिहायची जागा होती. ती ओळ जेपीजी फोटोच्या आतच साठवली जायची. म्हणून ज्याने चेहऱ्यावर चौकट न करता खाली साधी ओळ लिहिली, 'डावीकडून दादा, मोठे चाचा, शेजारचे मास्तर', त्याची माहिती पिकासा संपल्यावरही बहुतेक साधनांत दिसते. दीनदयाल यांनी काचेवर जे केले तेच या माणसाने नकळत केले.

सनद

हदीसच्या अभ्यासात एक मूलभूत नियम आहे. मजकूर कितीही सुंदर असो, तो कुणी कुणाकडून ऐकला याची साखळी विचारली जाते. तिला सनद किंवा इस्नाद म्हणतात. साखळीतला प्रत्येक माणूस कोण, कुठला, कधीचा, विश्वासू होता की नाही, याची चिकित्सा करण्यासाठी मुहद्दिसांनी माणसांच्या चरित्रांचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे केले. साखळी तुटलेली असेल तर मजकूर कमकुवत ठरतो. मराठवाड्यात 'सनद' म्हटले की आपल्याला इनामाचा कागद आठवतो. तिथेही अर्थ तोच, हक्काला आधार.

ज्या समाजाला ही शिस्त बाराशे वर्षांपासून ठाऊक आहे, त्याने आपल्या घरातले फोटो मात्र बिनसनदीचे ठेवावेत, हे पटत नाही. फोटो म्हणजे मजकूर. त्यातला माणूस कोण, तो कुठला, हे आपल्याला कुणी सांगितले, कधी सांगितले, ही त्याची सनद. आवडते साधन बंद पडल्यावर त्याच्यासारखेच दुसरे शोधण्यात आपण सगळी शक्ती घालवतो. पहिले काम वेगळे आहे. जुने साधन चालू आहे तोवर त्याच्या पोटातून सनद बाहेर काढायची.

हे कसे करायचे, ते थोडक्यात सांगतो. जुन्या संगणकात पिकासा अजून चालत असेल, तर तो संगणक भंगारात देऊ नका. त्यातली नावे फोटोत उतरवून घ्या. ते जमले नाही, तर फोटो उघडून हाताने वहीत लिहा. डिजिकॅमसारखी खुली साधने चेहऱ्यांची नावे फोटोच्या आत लिहू शकतात. फोटोशॉपच्या फायलींची एकेक प्रत टिफ किंवा जेपीजीमध्ये करून ठेवा, कारण जेपीजी १९९२पासून चालत आलेले आहे आणि ते कुणा एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. दुरुस्त केलेल्या प्रतीसोबत मूळ स्कॅन ठेवा. डागासकट, फाटलेल्या कोपऱ्यासकट ठेवा. स्कॅन करताना फोटोची पाठही स्कॅन करा. तिथली उर्दू आज तुम्हाला वाचता आली नाही, तरी वाचणारा कुणी मशिदीत, मदरशात, शेजारच्या गल्लीत अजून आहे.

आणि एका फुकटच्या साधनातून दुसऱ्या फुकटच्या साधनात नुसते जाऊ नका. पिकासानंतर सगळे गुगल फोटोजकडे गेले. तिथली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१पासून संपली. तिथून आपले फोटो उतरवून घेतले, तर नावे पुन्हा वेगळ्याच फाईलमध्ये येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला, की आत लिहिलेली माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. म्हणून खानदानाच्या ग्रुपवर फोटो टाकताना खाली नावे लिहा आणि मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून द्या.

गावाचे नाव कोणते लिहायचे?

आपल्या जिल्ह्यापुरती एक सूचना आणखी आहे. फोटोवर गाव लिहिताना त्या वेळचे आणि आजचे अशी दोन्ही नावे लिहा. हा जिल्हा आधी नळदुर्ग होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्याचे ठाणे धाराशिवला आले. सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ते उस्मानाबाद झाले आणि २०२३मध्ये पुन्हा धाराशिव. १९८२मध्ये यातून लातूर जिल्हा वेगळा निघाला. उदगीरचे उदाहरण घ्या. तिथे १९५०मध्ये काढलेल्या फोटोवर 'जि. बीदर' असेल, १९६०च्या फोटोवर 'जि. उस्मानाबाद' आणि १९८५च्या फोटोवर 'जि. लातूर'. माणूस एकाच घरात बसलेला, जिल्हे तीन.

नामांतराविषयी प्रत्येकाचे मत असेल, माझेही आहे. पण फोटोच्या पाठीवर 'उस्मानाबाद' लिहिले असेल तर ते खोडून 'धाराशिव' करू नये आणि कुणी धाराशिव म्हणत असेल तर रागाने उस्मानाबादही करू नये. त्या दिवशी त्या माणसाने आपल्या गावाला काय म्हटले, तो इतिहास आहे. बाजूला, वेगळ्या शाईने, आजचे नाव लिहावे. नव्या पिढीला शोधताना दोन्ही लागणार आहेत.

साधने जातच राहतील

उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६०मध्ये स्थापन झाली. तिची 'इंदू' फिल्म देशभरातल्या स्टुडिओंत वापरली गेली. कंपनी आजारी पडली आणि शेवटी बंद झाली. कोडॅकने १९३५पासून बनवलेली कोडाक्रोम फिल्म २००९मध्ये थांबवली. ती धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स या छोट्या गावात होती. तिने ३० डिसेंबर २०१०ला शेवटचे रोल स्वीकारले. लोक लांबून गाडी चालवत आपले राहिलेले रोल घेऊन तिथे गेले. ते रोल धुऊन झाल्यावर कोडाक्रोम तिच्या मूळ रंगात धुऊन देणारी प्रयोगशाळा उरली नाही. पण आधी धुतलेली कोडाक्रोमची स्लाईड आजही उजेडासमोर धरली की दिसते. तिला पाहायला कोडॅकची परवानगी लागत नाही.

लोकांनी शेवटच्या तारखेच्या आत रोल पोहोचवले, हे त्यात महत्त्वाचे. आपल्या फोटोंनाही अशी तारीख आहे, फक्त ती कुणी जाहीर केलेली नाही. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. त्या काळचा फोटो पाहून 'हा अमुक, हा अमक्याचा मुलगा, हा पुढे कराचीला गेला, हा परत आलाच नाही' असे सांगणारी शेवटची माणसे तीच. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल, तर फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवा. ती बोलतील तेव्हा मोबाइलवर आवाज टिपून घ्या आणि त्याच संध्याकाळी नावे लिहून काढा. कुणी सांगितले आणि कोणत्या तारखेला सांगितले, तेही खाली लिहा. एखादा चेहरा त्यांनाही आठवला नाही, तर तिथे 'ओळख पटली नाही' असे लिहा. अंदाजाने नाव घालू नका. चुकीची सनद बिनसनदीपेक्षा वाईट असते.

फोटो उजळवणे, डाग काढणे, रंग भरणे हे सगळे नंतरही होईल. त्यासाठी दरवर्षी नवे साधन येते आहे. नाव सांगणारे माणूस मात्र नव्याने येत नाही. म्हणून या शुक्रवारी नमाजनंतर ट्रंक उघडा, फोटो उलटे करा, आणि मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, पाठीवर लिहायला घ्या.